शेतात चुलीवर अख्ख्या घराचा स्वयंपाक : हुरडा, भरीत, भाकरी... कसं जमवता?

होटगी_रोड | २ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. सोलापूरजवळ बोरामणीच्या बाजूला आमचं थोडं कोरडवाहू रान आहे, चुलतभाऊ कसतो. यंदा त्याने बांधालगतचा एक पट्टा खास हुरड्यासाठी राखलाय. या महिन्यात एका रविवारी सगळं घर तिकडे न्यायचं ठरतंय. आम्ही सोळा जण, त्यात पाच पोरं, एक्क्याऐंशी वर्षांची आज्जी आणि दम्याचे वडील.

आतापर्यंत आम्ही काय करायचो, तर डबे घरून भरून न्यायचे आणि रानात फक्त हुरडा भाजायचा. तोही चुलतभाऊच भाजून द्यायचा. यंदा मला सगळं जेवण तिथेच, जाळावर करायचंय. हुरडा, वांग्याचं भरीत, भाकरी, एखादी आमटी. मागच्या वर्षी घरी गच्चीवर विटांच्या चुलीवर करून पाहिलं. भरीत बाहेरून कोळसा, आतून कच्चं. भाकरी तर एकही फुगली नाही. सोळा माणसांना उपाशी ठेवायचं नाही म्हणून आधीच विचारतोय. लाकूड कोणतं, किती, कणसं माणशी किती धरायची, वाऱ्याचं काय करायचं? आणि वडिलांना धुराचा त्रास होऊ नये यासाठी काही करता येईल का?


सीनाकाठ | २ जानेवारी, रात्री १०.१५

दादा, तुमचं भरीत आणि भाकरी एकाच कारणाने बिघडली. तुम्ही जाळावर शिजवलं. स्वयंपाक निखाऱ्यावर होतो. जाळ पाणी उकळायला आणि आमटीला उकळी आणायला. बाकी सगळ्याला धग पाहिजे, ज्योत नको.

म्हणून पोचल्या पोचल्या पहिलं काम विस्तव. दुपारी एकला जेवायचं असेल तर दहाला पेटला पाहिजे. बाभळीची वाळलेली, मनगटाएवढी लाकडं घ्या. बाभळीचा निखारा टणक होतो, लवकर राख होत नाही. चिंचेचंही चांगलं. पेटवायला तुरकाट्या, त्या चटकन धरतात. पण नुसत्या तुरकाट्यांवर स्वयंपाक करायला जाल तर एक माणूस दिवसभर चुलीपुढे सारतच बसेल. ओलं लाकूड अजिबात नको, वडिलांना त्रास होईल तो त्याच्याच धुराने.

चुली दोन करा. एक मोठी, तिच्यात सतत लाकूड जळत राहील आणि निखारे तयार होतील. दुसरी लहान, तिच्यात मोठीतले निखारे ओढून घ्यायचे आणि तिथे भाकरी. हुरड्याची आगटी, म्हणजे कणसं भाजायचा खड्डा, वेगळीच.


बाराबंदी | २ जानेवारी, रात्री १०.३२

तारीख ठरवताना संक्रांतीचे चार दिवस सोडा. सिद्धेश्वरांची यात्रा, अक्षता सोहळा, होम, शोभेचं दारूकाम. त्या दिवसांत सोलापुरातलं निम्मं घर नंदीध्वजांमागे आणि उरलेलं गड्ड्यावर, म्हणजे जत्रेत असतं. पोरांना रानात न्याल आणि ती पाळण्यासाठी रडतील. त्यानंतरचा रविवार धरा, तोवर हुरडाही भरलेला असेल.


मालदांडी | ३ जानेवारी, सकाळी ७.०५

कोणती ज्वारी पेरलीय ते लिहिलं नाही तुम्ही. त्यावर बरंच अवलंबून आहे. आम्ही मंगळवेढ्याकडचे. आमच्या मालदांडीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आम्ही हुरडाही तिचाच खातो. चव तिचीच.


होटगी_रोड | ३ जानेवारी, सकाळी ८.२०

@मालदांडी, गूळभेंडी आहे. बी चुलतभावाने गावातूनच घेतलं होतं.


रानमेवा | ३ जानेवारी, सकाळी ११.५०

मालदांडी काका, रागावू नका, पण भाकरीला मालदांडी आणि हुरड्याला गूळभेंडी किंवा सुरती, असं आमच्या मोहोळ भागात सरळ गणित आहे. मालदांडीचा दाणा भाजल्यावर बोंडातून सुटायला कुरकुर करतो, चोळून चोळून हात भाजतात. सुरतीचा दाणा दोन चोळ्यात मोकळा. राहुरीच्या विद्यापीठाने तर हुरड्यासाठी वेगळे वाणच काढलेत, फुले उत्तरा आणि फुले मधुर. आम्ही दोन वर्षं फुले मधुर लावतोय, पोरं दुसरं काही मागत नाहीत.

आता भरीत. वांगं मोठं, वजनाला हलकं, बिया कमी असलेलं. दोन-तीन ठिकाणी सुरीने टोचे द्या, नाहीतर आत वाफ कोंडून फुटतं आणि गर राखेत सांडतो. त्या टोच्यांत लसणाच्या पाकळ्या खुपसा. तेलाचा हात लावला तर साल पटकन सुटते. वांगं जाळात टाकू नका. निखारे आणि गरम राख यांच्यात अर्धं पुरा, देठ वर ठेवा, देठाला धरून फिरवायचं. वीस-पंचवीस मिनिटं. देठाजवळ दाबून बघा, तिथे मऊ लागलं म्हणजे सगळीकडे शिजलं. देठाचा भागच शेवटी शिजतो आणि घाईत तोच कच्चा राहतो. मिरच्या आणि एखादा कांदा त्याच राखेत भाजून घ्या, गॅसवरच्या भरताला ती चव येत नाही.

भाकरीचं बाईमाणसाला विचारा असं कुणीतरी लिहीलच, म्हणून आधीच सांगते, माझ्या घरी भाकरी माझे यजमान थापतात. पीठ दोन दिवसांच्या आत दळलेलं असू द्या, जुन्या पिठाची विरी जाते आणि थापताना कडा चिरतात. उघड्यावर वाऱ्याने थापलेली भाकरी लगेच सुकते, म्हणून परात चुलीच्या जवळ, आडोशाला. पाणी कढत घ्या. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात लगेच फिरवायचा, ते सुकलं की उलटायचं. दुसरी बाजू झाली की तवा बाजूला आणि भाकरी चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यासमोर उभी. तिथे ती फुगते. तुमची फुगली नाही कारण तुमच्याकडे ज्योत होती, समोर निखारा नव्हता.


मालदांडी | ३ जानेवारी, दुपारी १.१०

रागावलो नाही ताई. पण एकदा आमच्या काळ्या रानातला मालदांडीचा हुरडा खाऊन बघा, मग बोलू. भाकरीचं मात्र अगदी बरोबर लिहिलंत.


भुईकोट_वेस | ३ जानेवारी, दुपारी ३.४५

पुण्यात बसून वाचतोय आणि जीव कासावीस होतोय. इथे हुरडा पिशवीत मिळतो, गार. तव्यावर गरम करून खातो. आगटीभोवती बसून, हात पोळत, फुंकर मारत खायची गोष्ट आहे ती.

एक सुचवू का? शहरातली मंडळी आहात, तर नान्नजच्या माळरानावर जा. मोकळी जागा, गर्दी नाही, चूल कुठेही मांडा.


माळढोक_वाट | ३ जानेवारी, सायंकाळी ६.००

@भुईकोट_वेस, कृपा करून असं सुचवू नका. नान्नजला माळढोक अभयारण्य आहे, १९७९ पासून. तिथे विस्तव करायला परवानगी नाही, आणि नसायलाच पाहिजे. जानेवारीत ते गवत पिवळं, खडखडीत वाळलेलं असतं. एक ठिणगी उडाली तर वाऱ्यावर आग कुठवर जाईल सांगता येत नाही. काळवीट, लांडगे, जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सगळ्यांचं घर ते आहे. चूल स्वतःच्या किंवा ओळखीच्याच रानात मांडायची.

आणि होटगी_रोड, तुमच्या रानातही हे बघा. चुलीभोवती चार-पाच पावलं जमीन खुरप्याने साफ करून घ्या. कडब्याची गंज, वाळलेलं पाचट, उभी ज्वारी यांच्या वाऱ्याखाली चूल मांडा, म्हणजे ठिणगी पिकाकडे जाणार नाही. पाण्याच्या दोन घागरी भरून जवळ, त्या स्वयंपाकासाठी नाहीत. निघताना राखेवर पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता. हात जवळ नेऊन ऊब लागत नाही ना ते बघूनच गाडीत बसा. वरून माती लोटली की विझलं असं समजतात, पण मातीखाली निखारा तासन्‌तास जिवंत राहतो. आमच्या शेजारच्या रानात अशाच आगटीवर दुसऱ्या दिवशी एका पोराचा पाय पडला होता.


भुईकोट_वेस | ३ जानेवारी, सायंकाळी ६.२५

बरोबर आहे तुमचं. लहानपणीची आठवण होती, अभयारण्याचा विचारच केला नाही. सूचना मागे घेतो.


दवाखाना_ड्युटी | ३ जानेवारी, रात्री ११.३०

मी नर्स आहे, हुरड्याच्या दिवसांत भाजलेली पोरं दरवर्षी बघते, म्हणून लिहिते.

वडिलांचं आधी. त्यांचा पंप त्यांच्या खिशात हवा, गाडीत नको. खुर्ची वाऱ्याच्या वरच्या अंगाला, चुलीपासून लांब. थंडीत आपल्याकडे वारा बहुतेक पूर्वेकडून, ईशान्येकडून असतो, पण तिथे गेल्यावर मूठभर धूळ सोडून बघा आणि मगच चूल कुठे, बसायचं कुठे ते ठरवा. शेणकुटांचा धूर सुरुवातीला फार असतो. आगटी पेटवून धूर ओसरेपर्यंत त्यांना झाडाखाली लांब बसवा, नुसती धग उरली की जवळ आणा. आगटीची मजा त्यांचीही आहे.

पोरांना सुती कपडे. नायलॉनचे स्वेटर, चकचकीत जॅकेट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतात. भाजलंच तर त्या जागेवर साधं वाहतं पाणी, पूर्ण वीस मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको. अंगठी, बांगडी सूज यायच्या आत काढा. फोड फोडू नका. तळहातापेक्षा मोठं असेल किंवा तोंडावर, हातावर असेल तर स्वच्छ कापड हलकेच झाकून तडक दवाखाना.

आणखी एक. रात्री मुक्काम करणार असाल तर निखाऱ्यांचं घमेलं शेडमध्ये ऊब म्हणून कधीच नेऊ नका. आमच्या मामांच्या घरी एकदा असं केलं होतं. दार लावून झोपले. पहाटे मामीला उलटी झाली, डोकं फुटेल असं दुखायला लागलं, म्हणून त्या उठल्या आणि सगळे वाचले. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतल्या माणसाला कळत नाही.


सीनाकाठ | ४ जानेवारी, सकाळी ६.५०

ताई, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आम्ही लहानपणी खोपीत घमेलं घेऊन झोपायचो. कडब्याच्या खोपीला चारी बाजूंनी फटी, म्हणून निभावलं. आता पत्र्याची शेड आणि बंद खिडक्या.

लाकडात एक राहिलं. कण्हेरीची फांदी चुलीत नको आणि तिच्या काड्याही भाजायला टोचायला नकोत, ती विषारी असते. रंग लावलेल्या फळ्या, प्लायवूड, फर्निचरचे तुकडे नकोत. आणि रॉकेल, डिझेल ओतून आगटी पेटवू नका, सगळ्या हुरड्याला तोच वास लागतो.


बाराबंदी | ४ जानेवारी, सकाळी ९.१५

आमटी कसली करणार? माझं मत, शेतात गेलात तर मटण. पातेलं चढवायचं, काळा मसाला, भाजलेलं खोबरं, आणि दोन तास विसरायचं. सोलापूरकर आणि रानात जाऊन वांगं?


रानमेवा | ४ जानेवारी, सकाळी १०.००

एकाच दिवशी हुरडा आणि मटण करू नका हो. हुरडा पोटभर खाल्ल्यावर कुणाला मटण जाईल? दोन्हीचा अपमान. हुरड्याच्या दिवशी हुरडाच राजा. सोबत शेंगाचटणी, लसणाची चटणी, गूळ, दही, बोरं, हरभऱ्याचे डहाळे. जेवण त्यामागून हलकं. मटणासाठी दुसरा रविवार काढा.


करकंबवाले | ४ जानेवारी, सकाळी ११.२०

भांडण मिटवतो. बाजार आमटी करा. आमच्या करकंबची खासियत. तूर, हरभरा, मूग, मसूर, उडीद अशा डाळी एकत्र, सढळ हाताने काळा मसाला, वर तेलाचा लाल तवंग. भाकरी काल्यासारखी कुस्करून त्यात. मोठ्या पातेल्यात, लाकडावरच ती खरी होते. डाळी घरूनच धुऊन भिजवून न्या, हरभऱ्याची डाळ जास्त वेळ. मटण नाही म्हणून कुणी तक्रार करणार नाही, शब्द देतो.


अक्कलकोट_शीव | ४ जानेवारी, दुपारी ४.३०

थोडं विषय सोडून. आमच्याकडे शीवेवर मार्गशीर्ष अमावस्येला येळवस असते, वेळ अमावस्या. यंदाची होऊन गेली. लातूर, धाराशिव आणि पलीकडे कर्नाटकातही करतात. त्या दिवशी गाव रिकामं, सगळी माणसं रानात. कडब्याची खोप करायची, आत पाच दगड चुना लावून मांडायचे, ते पांडव. भज्जी (शेंगा, पालेभाज्यांची एकत्र भाजी), ज्वारीची ताकातली आंबील, बाजरीचे उंडे (पिठाचे वाफवलेले गोळे), गव्हाची खीर. रानातून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. शहरात राहायला गेलेले लोक नोकरीवर रजा टाकून येतात.

माझी आई आंबील आदल्या रात्री करून मातीच्या मडक्यात ठेवायची. मडक्यावरून आठवलं, कुणी नव्या मडक्यात आमटी किंवा मटण करणार असेल तर ते रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि विस्तवावर हळूहळू तापू द्या. कोरडं मडकं एकदम जाळावर ठेवलं की तडकतं, आणि सगळी आमटी चुलीच्या पोटात.


होटगी_रोड | ४ जानेवारी, रात्री ८.००

काय माणसं आहात तुम्ही! आज्जीला सगळं वाचून दाखवलं. येळवशीचं ऐकून ती बराच वेळ गप्प होती. तिचं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं. मग म्हणाली, "उंडे मी करते, तू बाजरीचं पीठ आण." तर आता उंडेही आहेत.

कणसं माणशी किती, ते कुणीच सांगितलं नाही.


मालदांडी | ४ जानेवारी, रात्री ९.२०

एका कणसातून जेमतेम मूठभर हुरडा निघतो. मोठ्या माणसाला पाच धरा, पोरांना दोन. सोळा जणांना सत्तरएक कणसं तोडा, शिवाय शेजाऱ्यांना द्यायला थोडी.

कणीस ओळखायचं कसं? दाणा नखाने दाबा. पाण्यासारखं पातळ दूध आलं तर कोवळं आहे. घट्ट, सायीसारखं आलं तर तयार. काहीच आलं नाही तर गेलं, ते भाकरीला ठेवा. हा तयार काळ एका कणसाला आठ-दहा दिवसांचाच, म्हणून आदल्या रविवारी कुणीतरी जाऊन बघून या. तोडा सकाळीच, आणि भाजेपर्यंत सावलीत ओल्या बारदानाखाली ठेवा. तोडल्यावर गोडी कमी होत जाते.

आगटी एक हात लांब, एक वीत खोल. शेणकुटं उभी रचून पेटवा. जाळ बसला, वर पांढरी राख आणि आत लाल, की कणसं बोंडाकडून आत सारायची, दांडा बाहेर. सारखी फिरवा. हिरवा दाणा जरा तपकिरी झाला, तडतड कमी झाली की काढा आणि बारदानावर लगेच चोळा. पाखडून पोरांच्या हातात. एकाने भाजायचं, दोघांनी चोळायचं, बाकीच्यांनी खायचं, आणि मग पाळी बदलायची. भाजणाऱ्याला शेवटी गार हुरडा खायला लागू नये, एवढं बघा.

आणि तोडलेल्या खोडांना पुढे हिरवे फुटवे आले तर ते जनावरांना चारू नका. त्या कोवळ्या फुटव्यांत विष असतं, गाय धाप लागून तासाभरात जाऊ शकते. चुलतभावाला माहीत असेलच, तरी सांगून ठेवा.


रानमेवा | ५ जानेवारी, सकाळी ७.४०

निघायच्या आधी पातेल्यांना बाहेरून राख आणि मातीचा ओला लेप द्या. काजळी लेपावर बसते, घासताना लेपासकट निघून जाते. हे विसरलात तर संध्याकाळी घरी कोण घासणार यावरून दुसरी आगटी पेटेल.


होटगी_रोड | २१ जानेवारी, रात्री १०.०५

काल जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी मनापासून सांगितलंत.

साडेनऊला पोचलो. मूठभर धूळ सोडून पाहिली, वारा ईशान्येचा. चूल मांडली बांधाच्या पलीकडे, ज्वारी वरच्या अंगाला राहिली. अकराच्या सुमारास वारा थोडा फिरला आणि धूर बसायच्या जागेकडे यायला लागला. मग चूल तशीच ठेवून माणसंच उठून लिंबाखाली गेली. वडिलांना त्रास झाला नाही. पंप खिशातच राहिला.

आगटी चुलतभावाने पेटवली आणि बाजूला झाला, म्हणाला, आता तूच भाज. पहिली चार कणसं करपली. पाचव्यापासून जमलं. सत्तर कणसांतली दहा उरली, ती शेजारच्या वस्तीवर दिली.

भरीत जमलं! देठाजवळ दाबून बघायचं हे सगळ्यात उपयोगी पडलं. तीन वांगी बाहेरून तयार दिसत होती, देठाशी टणक होती. आणखी सात-आठ मिनिटं ठेवली. बाजार आमटी दोन वेळा वाढून सुद्धा कमी पडली. @करकंबवाले, मटणाचं नावही कुणी काढलं नाही.

भाकरी आत्याने सुरू केली. मग चौदा वर्षांची पुतणी म्हणाली मी थापते. पहिली फाटली, दुसरी जाड झाली, तिसरी निखाऱ्यासमोर उभी केली आणि ती टम्म फुगली. सगळी पोरं ओरडली. आज्जी खुर्चीवरून उठून चुलीपाशी येऊन बसली ती उंडे संपेपर्यंत उठलीच नाही. तिने उंड्यात तीळ टाकले, तिच्या आईसारखे. कुणी सांगितलंही नव्हतं आम्हाला.

येताना राखेवर दोनदा पाणी ओतलं. दुसऱ्यांदा ओतल्यावरही ढवळताना वाफ आली, म्हणून तिसऱ्यांदा ओतलं.


अक्कलकोट_शीव | २१ जानेवारी, रात्री १०.४०

आज्जींना आमचा नमस्कार सांगा. आमच्या आईचे उंडेही तिळाचेच. पुढच्या येळवशीला त्यांना घेऊन आमच्या रानात या. खोप आम्ही करतो.


होटगी_रोड | २१ जानेवारी, रात्री १०.५२

वाचून दाखवलं. विचारतेय, खोपीपर्यंत गाडी जाते का?


अक्कलकोट_शीव | २१ जानेवारी, रात्री १०.५५

बांधापर्यंत जाते. पुढची पन्नास पावलं बैलगाडी पाठवतो.